काठावर चालण्याचं गणित

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीशेजारी उभा असतो. रस आटत आलेला असतो, पण गूळ व्हायला अजून अवकाश असतो. तरीही तो चुलवाणात चिपाडं सारणाऱ्याला हाळी देतो, की आता जाळ कमी कर. काहिलीत आणि चुलवाणाच्या भिंतीत साठलेली धग पुढची काही मिनिटं काम करत राहणार, हे त्याला ठाऊक असतं. पाक तयार झालेला डोळ्यांना दिसल्यावर जाळ ओढला तर गूळ लागलाच म्हणून समजा. म्हणजे गुळव्या काहिलीतला आत्ताचा पाक बघत नसतो. आत्ताच्या पाकावरून तो थोड्या वेळानंतरचा पाक बघत असतो.

तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात भट्टी असते, उंच ऊर्ध्वपातन स्तंभ असतात, आणि अडचण हीच असते. इंधनाचा व्हॉल्व्ह आज्ञा मिळताच हलतो, तेलाचं तापमान मात्र काही मिनिटांनी हलतं आणि स्तंभाच्या माथ्यावरच्या मालाचा कस कधी कधी तासाभराने बदलतो. शिवाय तिथे काहील एक नसते, शंभर असतात आणि प्रत्येकीचा जाळ दुसरीला लागतो. हे सगळं एका वेळी पुढे पाहणारं सॉफ्टवेअर आज जगभरच्या रिफायनऱ्यांत चालतं. पुस्तकात त्याचं नाव मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल. कंट्रोल रूममध्ये त्याला एपीसी म्हणतात आणि 'एपीसी चालू आहे का?' हा शिफ्ट बदलताना विचारायचा नेहमीचा प्रश्न.

या सॉफ्टवेअरचं कूळ शोधायला गेलं तर एक गोष्ट आधी नजरेत भरते. त्याचा जन्म विद्यापीठात झालेला नाही. ते कारखान्यात जन्मलं, वाढलं, कमवायला लागलं आणि विद्वान मंडळी बारशाला बरीच उशिरा पोचली.

घराण्यातला सगळ्यात जुना माणूस म्हणजे पीआयडी नियंत्रक. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२मध्ये जहाजाचं सुकाणू आपोआप धरण्यासाठी त्याचं गणित मांडलं. सुकाणूवरचा अनुभवी माणूस काय करतो ते पाहून मांडलं, हे विशेष. तापमान हवं तितकं नाही, तर फरकाच्या प्रमाणात व्हॉल्व्ह हलवायचा. फरक रेंगाळला तर आणखी हलवायचा. फरक वेगाने बदलत असेल तर त्याचीही दखल घ्यायची. एवढंच. १९४२मध्ये टेलर इन्स्ट्रुमेंट्सच्या झीगलर आणि निकोल्स यांनी हा नियंत्रक जुळवायचे सोपे नियम दिले आणि तो घराघरांत, म्हणजे भट्टीभट्टीवर, पोचला. ३ ते १५ पीएसआय दाबाच्या हवेवर चालणारा हा गडी अतिशय कष्टाळू. आजही जगातले बहुतेक व्हॉल्व्ह तोच हलवतो. पण त्याला पुढचं दिसत नाही. चूक झाल्याशिवाय तो जागचा हलत नाही आणि परिणाम उशिरा येणार असेल तर गोंधळतो: 'अजून तापलं नाही' म्हणून जाळ वाढवत राहतो, मग एकदम सगळंच तापतं, मग घाबरून जाळ ओढतो.

या उशिरावर पहिला उतारा १९५७मध्ये बर्कलीच्या ऑटो स्मिथ यांनी सुचवला. नियंत्रकाच्या पोटातच भट्टीची छोटी नक्कल ठेवा. खऱ्या भट्टीचं उत्तर यायच्या आत नक्कल सांगेल काय होणार आहे ते. कल्पना उत्तम होती. पण हवेच्या नळ्यांनी बनलेल्या यंत्रात 'दहा मिनिटांचा उशीर' बनवायचा कशातून? ती बराच काळ कागदावरच राहिली. तरी 'मॉडेल' हा शब्द या घराण्यात आला तो इथून.

मॉडेल म्हटलं की आपल्याला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातलं थर्माकोलचं धरण आठवतं. इथलं मॉडेल तसं दिसणारं नाही. ते पुढे कसं आणखी साधं, जवळपास अडाणी होत गेलं, तीच या कथेतली गंमत आहे.

दुसरी शाखा हिशेबनिसांची. जॉर्ज डँटझिग यांनी १९४७मध्ये रेषीय नियोजनाची सिम्प्लेक्स पद्धत शोधली आणि पाचच वर्षांत, १९५२मध्ये, चार्न्स, कूपर आणि मेलन यांनी विमानाच्या पेट्रोलचं मिश्रण कसं करावं यावर तिचा वापर करून दाखवला. कोणता घटक किती घालावा म्हणजे नियम पाळले जातील आणि नफा सर्वाधिक होईल, हा प्रश्न. रिफायनऱ्यांना ही पद्धत इतकी आवडली की आजही महिन्याचं उत्पादन तिच्यावरच ठरतं.

या गणिताचा एक स्वभाव आहे. त्याचं उत्तम उत्तर कधीच ऐसपैस मधोमध सापडत नाही. ते नेहमी काठावर सापडतं, बहुतेक वेळा कोपऱ्यात, जिथे दोन-तीन मर्यादा एकमेकींना भेटतात. भट्टी सोसेल तितकी तापवा, कॉम्प्रेसर ओढेल तितका ओढा, मालात अशुद्धी चालेल तितकी राहू द्या. पैसा तिथे आहे. हिशेबनीस हे कागदावर लिहून मोकळा होतो. पॅनलवर बसलेल्या ऑपरेटरला मात्र रात्रपाळी काढायची असते. काठावर उभं राहिलं आणि बाहेर पाऊस आला, कच्चं तेल बदललं, एखादा पंप दमला, की तोल गेलाच. माल ऑफ-स्पेक होतो नाहीतर संयंत्र ट्रिप होतं, आणि सकाळी जबाब त्याला द्यावा लागतो. म्हणून तो काठापासून चार पावलं आत उभा राहतो. त्याला आळशी म्हणू नये. त्याच्या जागी कुणीही शहाणा माणूस हेच करेल. पण ती चार पावलं वर्षभर मोजली तर त्यात केवढी तरी रक्कम दडलेली असते.

हिशेबनीस म्हणतो काठावर जा, ऑपरेटर म्हणतो तोल जाईल. पुढच्या सगळ्या कथेत हेच भांडण मिटत आणि पुन्हा उकरलं जात राहतं.

कारखान्यात संगणक आला तेव्हा ते लगेच मिटेल असं लोकांना वाटलं असणार. १२ मार्च १९५९ रोजी टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर इथल्या टेक्साकोच्या रिफायनरीत आरडब्ल्यू-३०० नावाचा संगणक पॉलिमरायझेशन युनिटला जोडला गेला. २६ प्रवाह, ७२ तापमानं, ३ दाब आणि ३ ठिकाणची मिश्रणं एवढा पसारा त्याच्याकडे होता. पाच रिअ‍ॅक्टरांत तेल कसं वाटावं याचा हिशेब तो करत असे. त्या काळच्या अशा संगणकांना एक गुणाकार करायला सुमारे २० मिलिसेकंद लागत आणि ५० ते १०० तासांत काहीतरी बिघडे. ज्या यंत्रावर कारखाना सोपवायचा तेच दर दोन-चार दिवसांनी आजारी! १९६२मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने फ्लीटवुडच्या सोडा अ‍ॅशच्या कारखान्यात फेरांटी आर्गस संगणक बसवला. तो २२४ राशी मोजत होता आणि १२९ व्हॉल्व्ह थेट हलवत होता. भिंतभर पसरलेली उपकरणं गेली, एक कपाट आलं. पण कपाटातलं डोकं जुनंच होतं. व्हॉल्व्ह हलवण्याची रीत पीआयडीचीच, फक्त हवेऐवजी विजेवर.

सिद्धांताच्या गावात मात्र या काळात धूमधाम होती. रुडॉल्फ कालमान यांचे १९६०चे निबंध आले आणि अवकाशयानांच्या नियंत्रणाचं रूप पालटलं. सोव्हिएत संघात प्रोपोई यांनी १९६३मध्ये, दर टप्प्यावर भविष्याचा हिशेब रेषीय नियोजनाने पुन्हा मांडत नियंत्रण करायची कल्पना लिहून ठेवली. ती आपल्या कथानायकाशी हुबेहूब जुळते. पण कारखान्यांनी यातलं काही उचललं नाही. यानाच्या गतीची समीकरणं न्यूटनपासून माहीत आहेत. चाळीस तबकड्यांच्या, आतून थोड्या गंजलेल्या, थोड्या तुंबलेल्या स्तंभाची समीकरणं कोण लिहून देणार? आणि कालमान यांच्या सुबक गणितात 'व्हॉल्व्ह शंभर टक्क्यांपेक्षा जास्त उघडत नाही' एवढी साधी गोष्ट सांगायला जागा नव्हती. कारखान्यात तर सगळा जीव मर्यादांतच अडकलेला.

मग सत्तरीच्या दशकात दोन ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना, दोन गटांनी समीकरणांचा नादच सोडला.

एक गट ह्यूस्टनचा, शेल ऑइलचा. चार्ल्स कटलर आणि सहकाऱ्यांची पद्धत तिथे पहिल्यांदा १९७३मध्ये संयंत्रावर चालली. दुसरा फ्रान्समधला, जॅक रिशाले यांचा. त्यांनी आपल्या सॉफ्टवेअरला आयडीकॉम नाव दिलं, १९७६मध्ये एका परिषदेत ते मांडलं आणि १९७८मध्ये 'ऑटोमॅटिका' या नियतकालिकात सविस्तर लिहिलं. कटलर आणि रामाकर यांनी आपलं काम १९७९मध्ये, म्हणजे सहा वर्षं त्यावर पैसे मिळवून झाल्यावर, ह्यूस्टनच्या अधिवेशनात जाहीर केलं. कंपनीत काम करणाऱ्यांची प्रसिद्धीची घाई अशीच असते.

शेलच्या पद्धतीचं नाव डायनॅमिक मॅट्रिक्स कंट्रोल, म्हणजे डीएमसी. नाव भारदस्त, आत मात्र किराणा दुकानाच्या वहीसारखा हिशेब. भट्टीचं इंधन किंचित वाढवायचं आणि हात मागे घ्यायचा. दर मिनिटाला तापमान लिहून काढायचं. पहिली काही मिनिटं काहीच नाही, मग थोडं, मग भरभर, मग हळूहळू स्थिर. समजा ३० मिनिटांचे ३० आकडे मिळाले. हे ३० आकडे म्हणजे मॉडेल, बस्स. भट्टी तशी का वागते हे विचारायचंच नाही. ढोसल्यावर ती काय करते एवढं लक्षात ठेवायचं. असं प्रत्येक व्हॉल्व्ह एकेकटा हलवून त्याचा प्रत्येक मोजमापावर होणारा परिणाम नोंदवला, की वही पूर्ण झाली. या ढोसण्याला स्टेप टेस्ट म्हणतात. मोठ्या युनिटवर ती आठवडे चालते आणि त्या काळात ऑपरेटर मंडळींचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण व्यवस्थित चाललेलं संयंत्र मुद्दाम हलवलं जात असतं.

आता रोजचा व्यवहार. गेल्या अर्ध्या तासात कोणता व्हॉल्व्ह कधी किती हलवला हे सॉफ्टवेअरला माहीत असतं. त्यातल्या काही धक्क्यांचा परिणाम येऊन गेलेला, काहींचा अर्धा आलेला, काहींचा अजून यायचाच. ही येणं बाकी असलेली उधारी वहीतून वाचून बेरीज केली की पुढचा अर्धा तास कसा जाणार ते कळतं. ते चित्र पसंत नसेल तर आणखी कोणते धक्के दिले की ते सुधारेल, हे गणिताने काढायचं. पुढच्या पाच-दहा चालींची मालिकाच निघते. पण प्रत्यक्षात त्यातली फक्त पहिली चाल खेळायची. पुढच्या मिनिटाला उरलेली योजना कचऱ्यात टाकायची आणि नव्या मोजमापासह सगळं पुन्हा मांडायचं. बुद्धिबळ खेळणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पाच चाली पुढचं पाहतो तो, पण हात एकाच मोहऱ्याला लावतो.

आणि वही चुकली तर? चुकतेच. २१० अंश येणार म्हटलं आणि २०८ आलं, तर ते दोन अंश पुढच्या सगळ्या भाकितातून वजा करायचे. का चुकलं याची चौकशी नाही. तत्त्वज्ञ हे ऐकून कपाळाला हात लावेल, पण भट्टी ताळ्यावर राहते.

सुरुवातीला एक खोड निघाली. भाकीत तंतोतंत जुळवायच्या नादात हे गणित व्हॉल्व्ह वेड्यासारखे उघड-मीट करू लागे. कटलर यांचा उपाय असा: गणितातल्या चौकटीच्या कर्णावरचे आकडे एकाहून किंचित मोठ्या आकड्याने गुणायचे. एवढ्याने सॉफ्टवेअर शांत होतं, मोजके धक्के देतं. आज त्याला मूव्ह सप्रेशन म्हणतात आणि त्याचा सैद्धांतिक अर्थ सांगणारी प्रकरणं पाठ्यपुस्तकांत आहेत. मुळात तो हातगुण होता. आमटी आंबट झाली की गुळाचा खडा टाकावा, तसा.

पण यातून उत्पादकता कशी वाढली? तापमान नुसतं स्थिर ठेवल्याने कुणाला एक थेंब जास्त तेल मिळत नाही. रिशाले यांच्या १९७८च्या लेखातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तिथेच आहे. त्यांनी नियंत्रणाच्या चार पायऱ्या सांगितल्या: तळाला व्हॉल्व्ह जागेवर ठेवणं, त्यावर संयंत्र स्थिर चालवणं, त्यावर सेटपॉइंट, म्हणजे राखायचे आकडे, कुठे असावेत ते ठरवणं आणि सगळ्यात वर उत्पादनाचं वेळापत्रक. तळाच्या दोन पायऱ्यांवर, म्हणजे आपण अभियंते जिथे आयुष्य घालवतो तिथे, थेट पैसा जवळपास नाही असं त्यांनी लिहिलं. पैसा तिसऱ्या पायरीवर मिळतो, पण खालच्या दोन नीट बांधल्या असतील तरच तिथे चढता येतं.

समजा एखाद्या मालात अशुद्धी ५ टक्क्यांपर्यंत चालते. संयंत्र दोन टक्क्यांनी इकडे-तिकडे डोलत असेल तर ऑपरेटर ३वर सेटपॉइंट ठेवणार. डोलणं अर्ध्या टक्क्यावर आणलं तर तो निर्धास्तपणे साडेचारवर नेता येतो. स्थिरता ही स्वतः कमाई नव्हे. ती काठाकडे सरकायची परवानगी आहे. रिशाले यांच्या लेखात एका स्तंभाचा हिशेब आहे: डोलणं कमी झाल्यावर माथ्याच्या दोन तबकड्यांवरचा प्रवाह घटवता आला आणि त्यातून वर्षाला १,५०,००० डॉलरची ऊर्जा वाचली. नवा पंप नाही, नवी नळी नाही. १९७३नंतर तेलाचे भाव भडकलेल्या जगात हा आकडा व्यवस्थापकांना किती गोड लागला असेल ते सांगायला नको.

काठाची खरी परीक्षा झाली ती कॅटॅलिटिक क्रॅकरवर. जड तेलापासून पेट्रोल काढणारं हे युनिट म्हणजे रिफायनरीतलं सर्वांत कमावतं आणि सर्वांत रागीट पोर. पिठासारखा कॅटॅलिस्ट रिअ‍ॅक्टरात जातो, तिथे त्यावर कोकची काजळी चढते, रिजनरेटरात हवा मारून ती जाळतात आणि त्याच उष्णतेवर रिअ‍ॅक्टर चालतो. एक भांडं दुसऱ्याला पोसतं. तेल वाढवावं तर कोक वाढतो, कोक जाळायला हवा हवी, हवेचा ब्लोअर आधीच पूर्ण ताकदीवर; तापमान वाढवावं तर वायू वाढतो आणि कॉम्प्रेसर अडतो. सकाळी एक मर्यादा आड येते, दुपारी उकाड्यात दुसरी. शेलच्याच प्रेट आणि गिलेट यांनी १९८०मध्ये अशा युनिटवर डीएमसी चालवल्याचं मांडलं. मर्यादेजवळ पोचण्याआधीच ती ओळखून वळायची सोय त्यात होती. पुढे गार्सिया आणि मोर्शेदी यांनी मर्यादा थेट गणितातच बसवल्या. रेषीय नियोजन वरून सांगतं कोणत्या कोपऱ्यात जायचं आणि डीएमसी तोल न जाऊ देता तिथे नेऊन उभं करतं. हिशेबनीस आणि ऑपरेटर यांच्या भांडणात मध्यस्थ मिळाला.

पुढची कथा धंद्याची आहे, ती थोडक्यात. कटलर यांनी १९८४मध्ये डीएमसी कॉर्पोरेशन काढली. सेटपॉइंट ही कंपनी त्याच बाजारात होती. तिकडे एमआयटीत १९७६पासून लॅरी इव्हान्स यांच्या नेतृत्वाखाली, सरकारी पैशावर, अगदी उलट वृत्तीचं सॉफ्टवेअर घडत होतं. त्याचं नाव अस्पेन. रसायनशास्त्र, ऊष्मागतिकी, पदार्थांचे गुणधर्म यांवरून, कारखान्याला हातही न लावता त्याचं गणित मांडणारं. त्यातून १९८१मध्ये अस्पेनटेक कंपनी निघाली आणि १९९६मध्ये तिने सेटपॉइंट आणि डीएमसी दोन्ही विकत घेतल्या. शास्त्र जाणणाऱ्या आणि नुसतं ढोसून पाहणाऱ्या घराण्यांची ही सोयरीक. चिन आणि बॅजवेल यांनी शतकाच्या अखेरीस विक्रेत्यांकडून माहिती गोळा केली, तेव्हा जगात अशा ४५००हून अधिक ठिकाणी ही पद्धत चालत होती. त्यांतल्या सर्वांत मोठ्या एका नियंत्रकाकडे २८३ हाताळायच्या आणि ६०३ सांभाळायच्या राशी होत्या. कागदावर त्या वहीचा विचार करून पाहा.

आणि विद्वान? ही पद्धत मर्यादांसकट कधीच भरकटणार नाही याची पक्की सिद्धता मागायला ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे लागले. रॉलिंग्ज आणि मस्क यांचा गाजलेला निबंध १९९३चा, सगळं एकत्र बांधणारा मेन आणि सहकाऱ्यांचा २०००चा. शेलची भट्टी तोवर पंचवीसेक वर्षं कुणाच्या सिद्धतेविना बिनबोभाट चालली होती. सिद्धता निरुपयोगी होत्या असं मी म्हणत नाही. विमानं आणि मोटारींत ही पद्धत न्यायची तर भरवसा लेखी लागतो. पण आज 'डिजिटल ट्विन' विकायला आलेला सुटाबुटातला माणूस जेव्हा कारखान्याचं जुळं भावंड पडद्यावर फिरवून दाखवतो, तेव्हा त्या देखण्या चित्रामागे व्हॉल्व्ह कोण हलवणार आहे हे जरूर विचारावं. बरेचदा उत्तरात ती जुनी आकड्यांची वहीच निघते.

वहीला एक दुखणं आहे. ती जुनी होते. भट्टीच्या नळ्यांत थर बसतो, कच्चं तेल दुसऱ्या देशातून येऊ लागतं, कॅटॅलिस्ट बदलतो. भाकितं थोडी थोडी चुकतात, दुरुस्ती थोडी जास्त करावी लागते, व्हॉल्व्ह पूर्वीपेक्षा अस्वस्थ हलू लागतात. एखाद्या रात्री पॅनलवरचा माणूस कंटाळून दोन राशी मॅन्युअलवर घेतो, वर-खाली मर्यादा इतक्या जवळ ओढतो की सॉफ्टवेअरला हलायला जागा उरत नाही. पडद्यावर ते 'चालू' दिसतं. महिन्याच्या अहवालातही चालूच असतं. ती चार पावलं मात्र हळूच परत आलेली असतात.

मग शटडाउन होतं, स्तंभ धुतला जातो, संयंत्र पुन्हा सुरू होऊन स्थिरावतं, आणि एक दिवस लॅपटॉप घेतलेली दोन माणसं कंट्रोल रूममध्ये येतात. चहा होतो. जुनी वही आता चालणार नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्यांतला एक ऑपरेटरला म्हणतो, ''दादा, इंधनाचा व्हॉल्व्ह दोन टक्के वर घ्या.'' ऑपरेटर घड्याळात बघतो, वहीत वेळ लिहितो, व्हॉल्व्ह दोन टक्के वर घेतो आणि पडद्यावरची रेघ अजून हललेली नसते.